लाल तेवढीच

"दुपारपर्यंत काय ते तोडून घे," टोल्पा म्हणाला. "ऊन डोक्यावर आलं की आम्ही झाडं पाडणार."

फिलोमेनाने मान वर केली नाही. कपाळाला अडकवलेली जाळीची पिशवी तिच्या पाठीवर लोंबत होती आणि ती फांदीवरून बोटं फिरवत लाल फळ तेवढं खुडत होती. पिवळट नाही, हिरवं तर नाहीच.

टोल्पा तिचा थोरला दीर. नदीपलीकडच्या टोळीशी चाललेल्या लढाईत सगळ्यांच्या पुढे तोच. त्याच्यामागे कुऱ्हाडी घेऊन सात-आठ जण उभे होते, आणि अगदी शेवटी तिचा नवरा पीटर, स्वतःच्या पायाचे अंगठे न्याहाळत. वाघी नदीच्या या काठाला तिची कॉफीची चारशे बारा झाडं. काल त्यांच्यात लपून पलीकडच्या कुणीतरी गोळी झाडली आणि अलीकडच्या एकाचा गुडघा गेला. लगेच टोळीतले पुरुष जमतात त्या पुरुषांच्या घरात ठरलं, कॉफी पाडायची, काठ मोकळा करायचा. ठरवणाऱ्यांतल्या एकानेही त्या मळ्यातलं तण कधी उपटलं नव्हतं.

"अशी एकेक काय खुडतेस? ओरबाड सगळं. हिरवं-लाल एकत्र."

"हिरवं आलं की चव जाते."

कुऱ्हाडवाली पोरं खिदळली. "इकडे माणसं मरतायत आणि काकीला चव हवीय!"

तिने पुढचं लाल फळ खुडलं. मागच्या महिन्यात गोरोका शहराहून कॉफीची चव घेणारा माणूस आला होता. चमच्याने फुरका मारायचा, तोंडात खळखळवायचा आणि थुंकायचा, हेच त्याचं काम. तेवीस जणांची कॉफी त्याने थुंकली. तिची गिळली. कुणाला न सांगता गिळली, पण तिने त्याचा गळा हलताना पाहिला होता. या मोसमाची सगळी घेतो, म्हणाला, फक्त लाल तेवढीच तोडा.

"झाडाला फळ धरायला चार वर्षं लागतात," ती फांदीकडे बघतच बोलली. "तुमची लढाई चार महिन्यांत आटोपते. मग समेटाला डुकरं कापाल, ऊस वाटाल, एकमेकांच्या गळ्यात पडून रडाल. माझी झाडं तेव्हा कुठून आणाल?"

"भरपाईत मागू की. झाडांच्या बदल्यात डुकरं मागू."

"मागाल. आणि बांधाल तुमच्याच अंगणात."

यावर मागून कुणीतरी हसलं आणि टोल्पाने वळून बघताच खोकलं.

ऊन डोक्यावर आलं. पिशवी अर्धीही भरली नव्हती.

"झालं. बाहेर ये आता."

"नाही येत."

"पलीकडचे लपतात इथे, कळत कसं नाही तुला? का सगळं कळतंय? काल तुझाच भाऊ असेल लपलेला."

फिलोमेनाने पिशवी कपाळावरून सोडवली आणि जमिनीवर ठेवली. थोरल्या दिराचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नसतं. बावीस वर्षांत तिने ते एकदाही काढलं नव्हतं. डुकराला हाक मारावी तसं तिने ते आता काढलं.

"टोल्पा."

सुपारी चघळणाऱ्यांची तोंडं थांबली. पीटरने प्रथमच अंगठ्यांवरून नजर उचलली.

"पलीकडचे लपतात म्हणतोस ना? बघ, ही एक लपलीये. बावीस वर्षं लपलीये. तुमची रताळी लावतेय, तुमची डुकरं पोसतेय, तुमची चार पोरं जन्माला घातलीयेत. घाल कुऱ्हाड."

बांधावर बायका जमल्या होत्या. ज्यांच्याशी लढायचं त्यांच्याच घरातून सुना आणायच्या, ही इथली जुनी रीत. त्यामुळे निम्म्या बायका पलीकडच्याच लेकी. त्यांतली एक खाली उतरली आणि एका झाडाला पाठ लावून उभी राहिली. मग दुसरी. मग तिघी एकदम, एकीच्या अंगावर पिणारं मूल. सगळ्यांत शेवटी टोल्पाची आई, म्हातारी कुम्बा, काठी टेकत आली आणि एका बुंध्याशी बसली.

"मीही तिथलीच रे," ती म्हणाली. "माझ्यापासून कर सुरुवात."

"आई, ऊठ तिथून."

"गुडघे धरलेत. तूच उचल."

टोल्पाने वळून पाहिलं. मागे आठ जण बघत होते; काहीतरी पाडल्याशिवाय त्याला परत जाता येत नव्हतं. त्याने मळ्याच्या टोकाचं, कुणीच पाठ न लावलेलं एक झाड निवडलं. चार घावांत ते आडवं झालं. फळं चिखलात उडाली.

फिलोमेनाने पिशवी उचलली, पडलेल्या झाडापाशी उकिडवी बसली आणि खुडू लागली. लाल तेवढीच. मग बाकीच्याही आपापली झाडं सोडून आल्या आणि भोवतीने बसल्या. झाड आडवं झालं होतं, त्यामुळे शेंड्याची फांदी वाकवायला आज कुणाला लटकावं लागत नव्हतं. पिशव्यांत फळं पडत होती. टोल्पाकडे एकीनेही बघितलं नाही. कुऱ्हाड हातात घेऊन तो तिथेच उभा होता, आणि आता त्याने काय करायचं ते कुणीच सांगत नव्हतं.

"पाड ना पुढचं," फिलोमेना मान वर न करता म्हणाली. "याचं आटोपत आलंय."