एका डब्यात चार कॉम्प्युटर

“एका डब्यात चार कॉम्प्युटर चालणार, आई! घरचा सर्व्हर!” म्हणत लेकाने ऑफिसातून भंगारात निघालेल्या खोक्याला सुनेला हळदकुंकू वाहायला लावलं. डिस्क कमी पडली, तेव्हा तिच्या टेबलावरची न विचारताच जोडली.

पडद्यावर विचारणा आली, ‘या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. चालेल?’ न वाचताच त्याने ‘हो’ दाबलं. लग्नात गुरुजींनाही तो असाच हो म्हणत होता.

सून आली, डिस्क पाहून किंचाळली. “अरे, माझा प्रबंध होता त्यात! चार वर्षांच्या मुलाखती! सोमवारी द्यायचाय!”

“मग दुसरी प्रत नको ठेवायला? त्याचसाठी तर सर्व्हर उभारतोय मी!”

मला पोटच्या पोराची किळस आली. “आधी माफी माग तिची.”

“मागतो गं. पण बघ तरी, पहिल्या फटक्यात सुरू झाला!”

त्याची नजर पडद्यावरून हलेना.

मी उठले आणि भिंतीतला प्लग उपटला.

तिची चार वर्षं पुसताना हूं की चूं न केलेला माझा लेक कळवळला, “आई! आत्ता कुठे जीव धरला होता गं त्याने!”