मदत, सहकार्य आणि खिडकी

“आमची काही हरकत नाही. ‘मदत’ लिहा,” संचालकबाई म्हणाल्या.

“छे छे! आम्ही ‘सहकार्य’ मान्य करून आलोय,” सचिवसाहेब म्हणाले.

आपापल्या मोठेपणावर खूश होऊन दोघंही हसले, आणि पडद्याजवळ कॉम्प्युटर घेऊन बसलेल्या कंसबाईंनी टाइप करायला उचललेली बोटं परत मांडीवर ठेवली.

कंसबाई म्हणजे सचिवसाहेबांच्या खात्यातल्या अर्थतज्ज्ञ. दुसऱ्या देशांशी विकासाचे करार करायचे आणि दिलेला पैसा तिथे खरंच कोणाच्या उपयोगी पडतो का ते तपासायचं, हे त्यांचं काम. करार लिहिताना ज्या शब्दावर दोन्ही बाजूंचं जमत नाही, तो चौकटी कंसात टाकायची पद्धत असते. असे कंस टाकण्यात आणि काढण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली, म्हणून हे नाव पडलं. आईच्या डोक्यात मात्र हे काही केल्या शिरत नसे. रोज फोनवर तिचा एकच प्रश्न, “ते सगळं खरं गं, पण दिवसभर तू करतेस तरी काय?”

आज करायचं होतं ते इतकंच, की शेवटचा कंस काढायचा. संचालकबाईंच्या देशातल्या डोंगराळ भागात सुईणींची शाळा निघायची होती. पैसा सचिवसाहेबांचं सरकार देणार, शाळा संचालकबाईंचं चालवणार. त्या भागात बाळंतपणात किती बायका जातात आणि शिकलेली सुईण हाताशी असली तर किती वाचतील, याची आकडेमोड कंसबाईंनीच केली होती. ती करताना त्या एकदा टेबलावर डोकं टेकून रडल्याही होत्या. दुपारी मंत्री सही करायला येणार होते. आज सही झाली नाही, तर यंदाचा निधी परत जाणार आणि शाळा बारगळणार.

घोडं अडलं होतं एका शब्दावर. ‘मदत’ म्हटलं की कोणाच्या तरी दारात हात पसरून उभं राहिल्यासारखं वाटतं, असं संचालकबाईंचं म्हणणं. नुसतं ‘सहकार्य’ म्हटलं तर आमचे खासदार विचारतील, मग आपण दिलं काय, असं सचिवसाहेबांचं. दोन दिवस दोघंही इरेला पेटले होते. काल संध्याकाळी मात्र दोघांनाही एकदमच शहाणपण सुचलं. एकमेकांना न सांगता दोघांनी आपापल्या सरकारला फोन लावले आणि समोरच्याचा शब्द मंजूर करून घेतला.

“मग ठेवा की तुमचं ‘सहकार्य’च,” सचिवसाहेब उदारपणे म्हणाले.

“कसं ठेवू? मी ‘मदती’ची परवानगी आणलीय. आता परत बदल म्हटलं, तर फाइल पुन्हा वरपर्यंत जाईल. तुम्हीच ठेवा तुमची ‘मदत’.”

“अहो, माझंही तेच झालंय!”

भांडण होतं तोवर निदान आशा तरी होती. आता नमतं घेऊन दोघंही अडकले होते. कंसबाई घड्याळाकडे पाहत पाणी प्यायल्या.

खोलीत भयंकर उकडत होतं. सचिवसाहेब चिडून उठले आणि खिडकी उघडायला गेले. खिडकीला नुकताच रंग दिलेला, त्यामुळे ती चौकटीला घट्ट चिकटलेली. साहेबांनी हाताने ढकललं, मग खांदा लावला. तोंड लालबुंद झालं, खिडकी हलेना.

“संचालकबाई,” ते धापा टाकत म्हणाले, “जरा मदत करता का?”

संचालकबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “काय म्हणालात?”

साहेबांनी जीभ चावली.

“करते की,” बाई पदर खोचत उठल्या. “माझाही जीव गुदमरतोय इथे.”

दोघांनी मिळून खांदा लावला. कडाड् करून खिडकी उघडली, वारा आत घुसला आणि टेबलावरचे कागद खोलीभर उडाले. सगळे हसत कागदांमागे धावले. कंसबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्या टाइप करत होत्या.

पडद्यावर एक ओळ उमटली. ‘या करारात सहकार्य म्हणजे दोन्ही देशांनी एकमेकांना केलेली मदत.’

“दोन्ही शब्द आहेत,” कंसबाई भीत भीत म्हणाल्या. “दोन्ही परवानग्या चालतील. फाइल कुठेच जायला नको.”

संचालकबाईंनी ओळ दोनदा वाचली. “‘एकमेकांना’ छान आहे हो. पण आम्ही यांना कसली मदत करणार?”

“आत्ताच नाही का केलीत!” सचिवसाहेब कपाळाचा घाम पुसत म्हणाले.

बाई मनापासून हसल्या आणि त्यांनी मान डोलावली. कंसबाईंनी आधी एक कंस पुसला, मग दुसरा. अक्षरं धूसर दिसायला लागली तेव्हा त्यांना कळलं, की आपले डोळे भरून आलेत.

मंत्री आले, सही झाली, एकदाचं गंगेत घोडं न्हालं. निघायच्या वेळी लक्षात आलं, की खिडकी आता बंद होत नाहीये. साहेब आणि संचालकबाई पुन्हा भिडले, पण छे.

“कंसबाई, बघताय काय? या!” साहेबांनी हाक मारली.

त्यांनीही खांदा लावला, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला.

“काय करतेयस गं?” आईने विचारलं.

“थांब गं आई, कामात आहे. आम्ही तिघं मिळून खिडकी लावतोय.”

“चला,” आई समाधानाने म्हणाली, “आज एकदाचं काहीतरी काम दिलं म्हणायचं तुला!”