लांब बोल्ट

पाव मैलाची शर्यत आम्ही जिंकलो होतो. नियमाप्रमाणे दादाला आत बसवूनच गाडी काट्यावर चढवली, तर काटेवाला मान हलवू लागला. "अठरा किलो कमी. गाडी बाद. काय काढलंत हिच्यातून?" माझं डोकंच फिरलं. "मागची सीट, स्टेपनी, जॅक हे सगळं गेल्या वर्षीच काढलंय. तेव्हा वजन बरोबर भरलं होतं. यंदा फक्त इंजिन ट्यून केलंय!" दादा उतरू लागला तेव्हा दिसलं, सीटचा पट्टा त्याने अगदी शेवटपर्यंत आवळून घेतला होता. पलीकडे वहिनी अजून टाळ्या वाजवत होती. "डॉक्टरांच्या रिपोर्टचं तिला सांगितलं नाहीये," तो हळूच म्हणाला. "तूही बोलू नकोस. पुढच्या शर्यतीला सीटखाली लोखंडी प्लेट बसव." "अठरा किलोची?" मी विचारलं. "हो. आणि बोल्ट लांब घे," तो म्हणाला. "अजून प्लेटा चढवाव्या लागतील."