शब्दाचा पक्का

दारूपायी आमच्या चौतीस वर्षांच्या पुष्करला मी तिसऱ्यांदा घराबाहेर काढत होतो.

आधी दोन्ही वेळा तो बॅग उचलून "जातो" म्हणाला आणि त्याची आई धावत आली. "जातो म्हणू नये रे, येतो म्हण!" वर हातावर दहीही ठेवलं. तो "येतो" म्हणाला आणि संध्याकाळी बरोब्बर जेवायला हजर झाला. दारू सोडायचा शब्द शंभरदा देऊन शंभरदा मोडणारा पोरगा तेवढा एकच शब्द पाळत होता!

आज तर दह्यासाठी त्याने स्वतःच हात पुढे केला. "येतो गं, आई."

तिने वाटी मागे घेतली. "जातो म्हण."

त्याची खाडकन उतरली. "आई, असं म्हणू नये."

"माहितीये," ती म्हणाली. "म्हण."