गुरुवारचा कागद

मर्लने काचेच्या कपाटातून तिसरे पिस्तूल काढले, नळी भिंतीकडे वळवून ते रिकामे असल्याची खात्री केली आणि काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ठेवले.

"आवडलं का, ते मागाहून विचारीन. आधी सांगा, गरज काय? जंगलात अस्वलासाठी, खिशात बाळगायला, की घरात ठेवायला?"

"घरात," ड्वेन म्हणाला. उजव्या हाताचा मोजा काढून त्याने पिस्तूल उचलले. नजर मात्र मर्लवरच होती. साठीचा माणूस. पांढरी दाढी, खांद्यावरच्या पट्ट्यांनी तोलून धरलेली पँट. यात लोरीनला काय दिसले असेल?

लोरीन त्याची बायको. दर गुरुवारी संध्याकाळी ती चर्चमधल्या गाण्याच्या तालमीला जाई. महिनाभर ती तासभर उशिरा परतत होती. केस कानांवर चपटे झालेले, हातांना कसल्याशा परक्या तेलाचा वास. मागच्या हिवाळ्यात मनगट मोडल्यापासून ती घरात गप्पगप्पच असे. आता भांडी घासताना गुणगुणू लागली होती. तो आत आला की थांबे.

काल तो तिच्या मागोमाग गेला. तिची निळी गाडी या दुकानाच्या मागच्या अंगाला उभी होती. हाच म्हातारा तिला दारापर्यंत सोडायला आला, तिच्या खांद्यावर हात ठेवून काही बोलला आणि ती खळखळून हसली. आपल्यासमोर ती अशी शेवटची कधी हसली, हे ड्वेनला काही केल्या आठवेना. आज सकाळी लाकडाच्या गिरणीत रजा टाकताना त्याने ठरवून टाकले. पिस्तूल ज्याच्यासाठी घ्यायचे, ते त्याच्याच हातून घ्यायचे.

"किती अंतरावरून चालवायची वेळ येईल?" मर्लने विचारले.

"एवढ्याच. तुमच्यामाझ्यात आहे तेवढ्या."

मर्ल हसला. "मग ही हातभर नळी काय करायचीय? लोक सिनेमातलं पिस्तूल मागतात आणि घरी स्वयंपाकघर असतं पाच पावलांचं. मागे तो कागद बघा, त्या एल्क हरणाच्या शिंगांखाली."

ड्वेनने खांद्यावरून ओझरते पाहिले. मागच्या भिंतीवर नेमबाजीच्या सरावाचा कागद टाचला होता. नेहमीचाच, कमरेपर्यंतची छापील आकृती असलेला.

"आठवड्यातला सगळ्यात चांगला निशाणा आम्ही तिथं लावतो. नाव नाही, नुसती तारीख. तो कालचा. छोटं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, मागच्या सरावाच्या खोलीत, पाच पावलांवरून. पहिल्या दिवशी कानांवर आवाज अडवणारी जाड झाकणं चढवूनही हात असा थरथरत होता, मला वाटलं, माझं छप्पर जातंय आता. पण चिकाटी बघा! चार धड्यांत हे."

"आणि त्या पेनाच्या रेघोट्या?" ड्वेनने विचारायचे म्हणून विचारले.

"काढतात हो लोक. कुणी मिशा काढतं, कुणी साहेबाचा टाय. एका पठ्ठ्यानं सासूचा चष्मा काढला होता, काचांसकट! मी विचारत नाही. राग कागदावर निघाला तर बराच की."

ड्वेन ऐकत नव्हता. गल्ल्याजवळ कॉफीचे दोन कप होते. एकाच्या कडेला फिकट गुलाबी ओठ उमटले होते. तो रंग त्याच्या ओळखीचा होता. कालचा उष्टा कप अजून जपून ठेवला होता तर.

"बाई आहे वाटतं दुकानात कामाला?"

"छे! येते एक जण. दोन घटका बसते, बोलते. गुणी बाई आहे." मर्लने कप उचलला, पण धुवायला न नेता मागच्या फळीवर ठेवला. "हसते तेव्हा फार बरं वाटतं बघा."

"लग्न झालेली?"

"दुर्दैवानं," मर्ल म्हणाला.

ड्वेनने पिस्तुलाची मूठ घट्ट आवळली. तिला नवरा असण्याचेही या माणसाला दुःख होते.

"अंगठी टोचेल," मर्ल म्हणाला. "आणि उजव्या हातात? आपल्याकडे लग्नाची अंगठी डाव्या हातात घालतात ना. रशियन बिशियन आहात की काय?"

"इथंच बसते ती."

"मग काढून ठेवत जा."

"काढत नाही मी. लग्न म्हणजे लग्न." ड्वेनने पिस्तूल खाली ठेवले. "हेच द्या."

मर्लने खणातून सरकारी फॉर्म काढून काउंटरवर ठेवला. "थांबा, एवढी घाई नको. नाव-गाव लिहिण्याआधी दोन्ही हातांनी धरून दाखवा. उजवा धरतो, डावा सावरतो. नीट बसलं नाही तर उद्या परत घेऊन याल आणि मलाच शिव्या घालाल. काढा तो मोजा."

ड्वेनने डाव्या हाताचा मोजा काढला. त्या हाताला अंगठीचे बोट मुळापासूनच नव्हते.

"करवतीनं नेलं," तो म्हणाला. "गिरणीत. सावरायला उरलेली पुरतात."

यावर मर्ल काहीतरी थट्टा करील, असे त्याला वाटले होते. मर्लने मात्र पिस्तूल हळूच स्वतःकडे ओढून घेतले. मग कोरा फॉर्मही. तो ड्वेनच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होता.

ड्वेन वळला आणि कागदाजवळ गेला. छातीवर पाच भोके होती, एका तळहाताखाली झाकतील इतकी जवळजवळ. छापील आकृतीला हात नव्हते. ते कोणीतरी निळ्या पेनाने, घाई न करता काढले होते. उजव्या हातात अंगठी होती. डाव्या हाताला चारच बोटे होती.