धुक्यातली मिरवणूक

चर्चच्या सणाच्या पहाटे दाट धुक्यातून मेणबत्त्या तरंगत चालल्या होत्या. सर्वांत पुढे क्रूस धरून इनास होता. या मानासाठी तो कित्येक वर्षं झुरला होता.

वळणावरच्या ओट्यावरून क्षीण हाक आली, “घोटभर पाणी देता का रे कुणी?” तापाने फणफणलेली रेमेतमावशी होती ती. शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणापासून इनासने तिच्याशी अबोला धरला होता. मागून गात येणाऱ्यांना काहीच ऐकू आलं नाही.

इनासने क्रूस मागच्या माणसाकडे दिला. “तुम्ही चला पुढे.”

त्याने मावशीला भिंतीला टेकवून बसवलं, पाणी पाजलं.

“कोण रे तू, बाबा?”

“तुमच्याशी भांडलेला इनास.”

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “बस जरा.”

गाणं दूर धुक्यात विरत गेलं, तरी इनासला उठावंसंच वाटेना.