पूजेतला सर्व्हर

सर्व्हरवरची झेंडूची माळ बाजूला करावी, एवढंही शलाकाला सुचत नव्हतं. पडद्यावर एकच ओळ होती: तुमच्या सगळ्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, पैसे द्या. बाहेर हॉस्पिटलच्या रिपोर्टच्या खिडकीशी एक बाई पुन्हा पुन्हा सांगत होती, “अहो, रिपोर्टशिवाय ह्यांना ऑपरेशनला घेत नाहीयेत.”

काल खंडेनवमी होती. सकाळीच ती तिच्या विभागाचे प्रमुख मोहोळकर सरांना म्हणाली होती, “सर, सुरक्षेचा तातडीचा अपडेट आलाय. सर्व्हर अर्धा तास बंद ठेवावा लागेल.” सरांनी नुकतंच हळदकुंकू वाहिलं होतं. “अगं, पूजा झाल्यावर यंत्राला आज हात लावतात का? एका दिवसात काय आभाळ कोसळतंय? उद्या कर.” तिनेही वाद घातला नाही. पेढा घेतला, सर्व्हरला नमस्कार केला.

आता सर दारात उभे होते, खिशातली आपट्याची पानं खिशातच. “काय करायचं ते कर बाई. लाव हात.”

रडू येईल, निदान राग येईल म्हणून ती थांबली. काहीच आलं नाही. तिने माळ उचलली. फुलं अजून ताजी होती.